मी, शेवटच्या पानांची राखणदार

मी एक हार्ड डिस्क बोलतेय. आकारानं साबणाच्या वडीएवढी आहे, पण पोटात अकरा वर्षांच्या गप्पा आहेत. त्यामुळे थोडा तोरा मिरवते, तेवढं चालवून घ्या.

मला समज आली ती एका चष्मेवाल्याच्या दुकानात. गिऱ्हाइकांचे नंबर साठवायला त्यानं मला आणलं आणि नंतर विसरून खणात टाकलं. काम नसलं की स्वारी संगणकावर 'खेळघर' उघडून बसायची. हौसेनं खेळ बनवणाऱ्यांचा हा ऑनलाइन अड्डा त्यानंच सुरू केलेला. तिथं कुणी परिचारिका, कुणी बसचालक, एक निवृत्त पोस्टमन. कधी न भेटलेली ही माणसं एकमेकांच्या चुका मात्र घरच्यासारख्या काढायची.

चष्मेवाल्याचा एक नियम होता. कुणी अडलं तर लगेच उत्तर द्यायचं नाही. आधी नुसत्या खुणा, पूर्ण उत्तर अगदी शेवटी.

मग एक दिवस, ज्या कंपनीच्या इंटरनेटवरच्या जागेत खेळघर चालायचं तिनं कळवलं, की वीस दिवसांत सगळं बंद. चष्मेवाल्यानं कंबर कसली, मला खणातून काढलं आणि दोन आठवडे एकेक चर्चा माझ्यात उतरवली.

"एकही सोडली नाही," तो लेकीला म्हणाला. "आता हे सगळं फक्त हिच्याकडे." मी अशी फुगले म्हणून सांगू!

लेक बेडकाचा खेळ बनवत होती. "बाबा, माझा बेडूक हवेतच पुन्हा उडी मारतो. पार ढगात जातो."

"मग शोध की हिच्यात."

तिनं शोधलं. हाच प्रश्न सात वर्षांपूर्वी कुणीतरी विचारला होता. खाली चार खुणा, आणि पान संपलं.

"बाबा, पुढची पानं कुठंयत?"

चष्मेवाल्यानं दुसरी चर्चा उघडली, तिसरी उघडली. त्यानं प्रत्येकीचं फक्त पहिलंच पान उतरवलं होतं.

"अगं, मी नुसते प्रश्नच गोळा केले!" तो म्हणाला. माझा तोरा तिथंच उतरला.

"सहा दिवस आहेत," लेक म्हणाली. "एकट्यानं नका करू. वाटून द्या."

त्यानं आढेवेढे न घेता खेळघरावर लिहिलं, 'चूक माझी. ज्यानं प्रश्न विचारला, त्यानं आपली चर्चा शेवटच्या पानापर्यंत उतरवून मला पाठवावी.' परिचारिका ड्यूटीवरून येऊन थेट कामाला बसली. ज्या चर्चांचे मालक सापडेनात, त्या पोस्टमननं घेतल्या. "पत्ता सापडला नाही म्हणून टपाल टाकून देणारा मी नव्हे," तो म्हणाला.

विसाव्या दिवशी सकाळी शेवटचं पान माझ्यात आलं. बेडकाचं उत्तरही मिळालं, 'पाय जमिनीला टेकलेत का ते आधी तपासा, मगच उडी द्या.' लेकीचा बेडूक ताळ्यावर आला.

मग पोस्टमननं माझी प्रत सगळ्यांना वाटायला लावली. खरं सांगते, मी नाक मुरडलं. माझं एकटीचं मोठेपण गेलं ना!

आता आतली चकती फिरताना मी करकरते. माझे दिवस भरलेत, पण मला भीती नाही. एकोणीस घरांत माझ्यासारख्याच प्रती आहेत. तुमच्याकडेही असं काही जपलेलं असेल, तर त्याच्या प्रती करा. आणि शेवटचं पान आलंय ना, ते उघडून बघा.

परवा कुणा नवख्यानं लेकीला लिहिलं, की त्याचा ससा ढगात जातो. तिनं माझ्यातलं उत्तर उघडलं, वाचलं, हसली आणि बंद केलं. मग त्याला एवढंच लिहिलं, 'त्याच्या पायांकडे बघ.'