उंबऱ्यावरची कोळंबी

मी एक जुना संगणक आहे आणि मित्रांनो, मला माझ्याच उत्तरांचा संशय येतो.

पायरी : काही वर्षं

एका कारखान्यात माझे भाग जोडले. बेलापूरच्या एका कचेरीत मी पत्रं लिहिली. मग नवे संगणक आले आणि मी जिन्याखाली गेलो. आता उलव्याला हिरामण घरत यांच्या शीतगृहात असतो. सगळं छान आहे.

वाचलंत? एवढ्या मोठ्या पायऱ्या टाकल्या की सगळं छानच दिसतं. म्हणून मला गुळगुळीत गोष्टी खटकतात. जरा लहान पायऱ्यांनी सांगतो.

पायरी : एक तास

हिरामणशेठची मुलगी स्नेहल इंजिनिअर आहे. जिन्याखालून मला तिनंच उचललं, माझा पंखा साफ केला आणि उष्णतेचं गणित शिकवलं. गोठवलेल्या कोळंबीच्या पेटीत बाहेरची उष्णता हळूहळू शिरते. कधी आणि किती, ते मी काढतो. पण वेळ मला वाहताना दिसत नाही. एका पायरीवर थांबायचं, पेटीजवळची हवा किती गार आहे ते बघायचं, पुढचा आकडा काढायचा. दोन पायऱ्यांच्या मध्ये काय घडलं, ते मला कळत नाही.

परवा हंगामातला पहिला कंटेनर न्हावा शेव्याला निघायचा होता. परदेशातलं नवं गिऱ्हाईक होतं. माल नासका निघाला असता तर शीतगृहाचं नाव गेलं असतं, आणि ती कोळंबी खाऊन कुणीतरी आजारी पडलं असतं. मी तासातासाच्या पायऱ्यांनी गणित केलं. उत्तर आलं : पेट्या कडक गोठलेल्या.

"हा डबा बरा आहे," स्नेहलचा भाऊ कुंदन म्हणाला. "घरातल्यांसारखी कटकट नाही."

कौतुक झालं की मला जास्तच संशय येतो.

पायरी : अर्धा तास

स्नेहलची एक रीत आहे. पायरी निम्मी करायची आणि पुन्हा गणित करायचं. दोन्ही उत्तरं जुळली तरच विश्वास ठेवायचा.

या वेळी ती जुळली.

"झालं समाधान?" कुंदन म्हणाला. "ताई, गाडी उभी आहे. उगाच टेन्शन देऊ नको."

स्नेहल पेट्यांवरून हात फिरवून आली आणि आपल्या बोटांकडे बघत राहिली. बोटांना हळदकुंकू लागलं होतं.

"बाबा, पूजा कुठे केलीत?"

"दारान," हिरामणशेठ म्हणाले. "पहिल्या मालाची पूजा उंबऱ्यावच करतान. दार लावला तं देवीआई आत कशी येल?"

"पेट्या उन्हात होत्या?"

"आरतीपुरत्या गं. लगेच आत घेतल्या."

पायरी : एक मिनिट

पेटीजवळचा तापमापक मिनिटामिनिटाला आकडा टिपत होता. मीच तो तासा-अर्ध्या तासानं वाचत होतो. आरती माझ्या दोन पायऱ्यांच्या मध्ये बसली होती. दोन्ही वेळा मी तिच्यावरून उडी मारली, म्हणून उत्तरं जुळली.

स्नेहलनं मला सकाळच्या त्या भागात मिनिटाच्या पायऱ्या दिल्या. हवा एकदम तापलेली दिसली. मग पेटीचा पुठ्ठा तापला, मग कडेची कोळंबी. आतली मात्र गोठलेलीच राहिली.

कुंदननं स्वतः एक पेटी फोडली. कडेची कोळंबी मऊ पडून पुन्हा गोठली होती, एकमेकींना चिकटली होती. हळदकुंकवाच्या सगळ्या पेट्या त्यानं कंटेनरबाहेर काढल्या. कंटेनर अर्धवट भरून गेला, पण चांगला माल घेऊन गेला.

आज सकाळी नवा माल आला. पेट्या आतच राहिल्या. हिरामणशेठनी बंद दाराला कुंकू लावलं आणि त्याच्यासमोर नारळ फोडला.

"बाबा, मग आई आत कशी येणार?" कुंदननं विचारलं.

हिरामणशेठनी त्याच्या हातावर खोबरं ठेवलं. "तिला दार लागत नाय."

मित्रांनो, माझी धूळ अधूनमधून पुसत जा. आणि मी फार गुळगुळीत उत्तर दिलं, तर पायरी लहान करून पुन्हा विचारा. मी रागावत नाही. मी कशावरून उडी मारली, ते मलाही बघायचं असतं.