दोघींच्या दोन पाळ्या

ढब्बीने भाताची वाटी डोक्यावर उलटी केली. ते बघून काडीने आपली वाटी भिंतीवर मारली. मग एक रडली म्हणून दुसरी रडली, आणि दुसरी रडते म्हणून पहिलीने आवाज वाढवला. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने त्याच्या छताला, म्हणजे यांच्या जमिनीला, काठीने ठोकायला सुरुवात केली. नेमक्या त्याच वेळी दार ढकलून विहीणबाई आत आल्या. त्यांच्या मागे पिशवी घेतलेला जावई, म्हणजे आजीचा मुलगा.

"या," आजी म्हणाली. बसा म्हणाली नाही. बसायला कोरडी जागाही नव्हती.

विहीणबाईंनी भिंतीवरून ओघळणारा भात पाहिला. "हे काय चाललंय?"

"जेवण."

"भिंतीचं?"

"भिंतही घरातलीच आहे. तिलाही भरवतो कधीमधी."

"आई, पुरे," मुलगा म्हणाला.

दीड वर्षाच्या जुळ्या नाती. अंगाने भरलेली ती ढब्बी आणि वाऱ्याने उडेल अशी ती काडी. ही नावं आजीनेच पाडली होती. कागदावरची नावं मुलींच्या आईने ठेवली होती आणि ती गेल्यापासून ती नावं घेताना कुणाचाच आवाज सरळ राहत नसे. सून तापाने गेली त्याला वर्ष होत आलं होतं. आधी दोघी विहीणबाईंकडे होत्या. मग आजीने, बापाच्या मुली बापाच्या घरी, असं म्हणून भांडून त्यांना इकडे आणलं. बाप लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. घरी यायचा तो आंघोळीला आणि झोपायला.

"मी भांडायला आले नाही, विहीणबाई."

"मग वाट चुकलात वाटतं."

"दोन पोरी एका म्हातारीला झेपत नाहीत, हे आंधळ्यालाही दिसेल. ना यांच्या झोपेचा पत्ता, ना जेवणाचा. एक मला द्या. दोन्ही मागत नाही."

"चपलांचा जोडसुद्धा कुणी एक तुला एक मला करत नाही. या तर मुली आहेत."

विहीणबाईंनी ढब्बीच्या केसांतली शितं वेचायला सुरुवात केली. आजीकडे न बघताच त्या म्हणाल्या, "माझी एक पोर तुमच्या घरात दिली. ती परत मिळाली नाही. आता अर्धी तरी द्या."

आजी उठून भिंत पुसायला लागली.

शेवटी मुलाने निकाल दिला. "पुढच्या खेपेला येईन तेव्हा यांनाही घेऊन येतो. दोघींची घडी बसलेली दिसली, वेळेवर जेवण, वेळेवर झोप, तर दोघी इथंच. नाहीतर एक तिकडं." हे सगळं तो जमिनीकडे बघून बोलला.

"आणि घडी बसली की नाही ते कोण ठरवणार? ह्या?"

"मी ठरवीन."

"तू तर तुझी चप्पलही बायकोला विचारून घालायचास," आजी म्हणाली. म्हणाली आणि तिची तिलाच लाज वाटली. मुलगा पिशवी तिथेच ठेवून निघून गेला.

आजीने सगळं आयुष्य काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात काढलं होतं. तपासणीच्या पट्ट्यावर. समोरून बाटल्या सरकत यायच्या, मागे दिवा असायचा. तडा दिसला की बाटली उचलायची आणि मागच्या पिंपात टाकायची. मान वर करायची नाही, कारण पट्टा थांबत नसे. पाळी बदलतानाही थांबत नसे. आधीच्या पाळीची एक उंच बाई स्टुलावरून उठायची आणि तिच्या उठण्याबरोबर आजी बसायची. इतकी वर्षं एकाच स्टुलावर दोघी बसल्या, पण बोलणं "आले" आणि "चालले" याच्या पुढे गेलं नाही. ती बाई रजेवर असली तर मात्र आजीला बसल्या बसल्या कळायचं. स्टूल गार लागायचं.

आधी आजीने दोघींना एकदम वळण लावायचा प्रयत्न केला. एकदम उठवायचं, एकदम भरवायचं, एकदम झोपवायचं. एकीला डुलकी लागली की दुसरी तिच्या डोळ्यात बोट घाली. एकीने घास घेतला की दुसरीला तोच घास हवा असे, तोंडातला. शिंप्याची काठी मोडली आणि त्याने नवी आणली.

मग एका सकाळी, एकीला पायाखाली दाबून दुसरीला अंघोळ घालताना, आजीला तिचा जुना मुकादम आठवला. माणूस वाईट होता, पण एक गोष्ट खरी बोलायचा. एका पट्ट्यावर दोन माल सोडले की दोन्ही फुटतात.

त्या दिवसापासून तिने पाळ्या लावल्या.

काडीची पहिली पाळी. उजाडण्याआधी तिला उचलायचं, ढब्बीला झोपू द्यायचं. दूध, अंघोळ, गॅलरीत कपड्यांच्या दोरीखाली खेळ, मग मऊ भात. काडी पेंगायला लागली की ढब्बीला गादीवरून उचलायचं आणि त्याच गादीवर काडीला ठेवायचं. गादी एकच होती, कोपऱ्यात, भोवती उशांचा बांध घातलेली. मग ढब्बीची पाळी. तेच दूध, तीच गॅलरी, तोच पिवळा चमचा. संध्याकाळी परत अदलाबदल. मधला जो वेळ दोघी जाग्या, त्या वेळेसाठी आजीने जुनी चादर खोलीच्या मधोमध टांगली. एक चादरीच्या अलीकडे, एक पलीकडे. एक दिसली की दुसरी बिघडते, हा तिचा नियम होता, आणि तो तिने स्वतःलाही मोडू दिला नाही.

सुरुवातीला युद्धच झालं. ढब्बी चावली. काडी श्वास रोखून निळी व्हायची.

"रड," आजी तिला सांगे. "घसा तुझा आहे, मला काय!" आणि पाठीवर हात फिरवत राही.

पण हळूहळू घडी बसत गेली. काडी उजाडायच्या आधी आपोआप डोळे उघडू लागली. ढब्बी चमच्याची वाट बघत तोंड उघडून बसू लागली. झोपवायला तर काही करावंच लागेना. गादीवर ठेवलं की मूल पालथं होई, नाक गादीत खुपसे, आणि झोपलंच. आजीला वाटलं, ही आपली शिस्त.

शिंपी जिन्यात भेटला. "मावशी, आवाज बंद झाला. एक विकलीत की काय?"

"तुझ्या जिभेला आधी टाके घाल. सुई आहेच हातात."

"नाही, खरंच विचारतो. दोघींना एकत्र बघितलंच नाही हल्ली. एकच पोरगी कपडे बदलून फिरवता की काय लोकांपुढं?"

आजी त्यावर हसली. सून गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली असेल. वर येऊन तिने चादरीचा सैल झालेला कोपरा नीट बांधला.

मुलगा विहीणबाईंना घेऊन आला तेव्हा घर पुसलेलं होतं. काडी आजीच्या मांडीवर बसून, पिवळा चमचा मुठीत धरून, मुकाट्याने केळं खात होती. विहीणबाईंनी भिंत पाहिली, जमीन पाहिली, काडीच्या कानामागे बोट फिरवून पाहिलं. बोट स्वच्छ निघालं.

"दुसरी?"

"झोपली आहे. तिची झोपेची वेळ आहे ही."

"औषध तर देत नाही ना झोपेचं?"

"देते. तुम्हाला हवंय का थोडं?"

मुलगा चक्क हसला. "आई, कमाल केलीस तू." त्याने काडीला उचलून घेतलं, तिने त्याच्या कानात केळं घातलं, आणि आजीला वाटलं, जिंकलो. तिने चहा ठेवला. विहीणबाईंना चांगला कप काढला. त्यांना साखर किती लागते हेही विचारलं.

चहा पिता पिता मुलगा म्हणाला, "ढब्बी उठली वाटतं. आण ना तिला इकडं. दोघींना एकत्र खेळताना बघू दे जरा. बरेच दिवस झाले."

आजीचा हात कपावर थांबला. "नको. एक दिसली की दुसरी बिघडते."

"म्हणजे?"

विहीणबाई तोवर उठल्याही होत्या. त्यांनी चादर बाजूला केली, ढब्बीला उचललं आणि आणून काडीसमोर बसवलं.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. काडीने मान वाकडी करून बघितलं, दारात आलेल्या परक्या माणसाकडे बघावं तसं. मग ती उठून आजीच्या पायांमागे लपली. ढब्बीला काडीच्या हातात पिवळा चमचा दिसला. तिचा चमचा. ती तुरुतुरु गेली, चमचा ओढून घेतला आणि त्याच चमच्याने काडीच्या कपाळावर मारलं. काडी किंचाळली. त्या आवाजाने ढब्बी घाबरली आणि दारापर्यंत पळाली.



"अहो, या तर एकमेकींना ओळखतही नाहीत," विहीणबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, नवलच होतं. तो नंतर आला. "जुळ्या बहिणी ना या? एका घरात दोन घरं केलीत तुम्ही. चादर तुम्हीच टांगलीत. मग मी एक नेली तर मोडतंय काय? फार तर चादर थोडी लांब सरकेल."

आजीने काडीचं कपाळ चोळलं.

मुलगा चादरीकडे बघत होता. "आई, घडी बसवायला सांगितली होती गं. वाटणी करायला नव्हती सांगितली."

"मला दोन हात आहेत," आजी म्हणाली. "तुझ्यासारखी चार चाकं नाहीत."

पण ठरायचं ते ठरलं होतं. विहीणबाईंनी ढब्बीला घेतलं, कारण ती दाराजवळ होती. आजीने कपड्यांचे दोन भाग केले. सगळे कपडे दोन-दोनच होते, त्यामुळे वेळ लागला नाही. पिवळा चमचा तिने ढब्बीच्या पिशवीत टाकला.

"तो राहू द्या, आमच्याकडे चमचे आहेत."

"असतील. ती तोंड याच चमच्याला उघडते," आजी म्हणाली आणि पिशवीची नाडी ओढली.

त्या दुपारी काडी झोपली नाही. दुसऱ्या दुपारीही नाही. तिला गादीवर ठेवलं की ती पालथी व्हायची, नाक खुपसायची, आणि लगेच डोकं वर काढून रडायला लागायची. परत खुपसायची, परत रडायची. आजीने थोपटलं, दटावलं, उचलून फिरवलं. गॅलरीत नेलं, आणलं. खाली शिंप्याचं यंत्र थांबलं. आता काठी येणार म्हणून आजी वाट बघत राहिली. काठी आली नाही.

आजीने गादीवर हात टेकला, उठायला म्हणून. हात तिथेच राहिला.

गादी गार होती.

ती तशीच बसून राहिली. तिला ती उंच बाई आठवली. चेहरा नीट आठवेना. पाठ तेवढी आठवली.

तेवढ्यात फोन वाजला. विहीणबाई होत्या.

"काय सवयी लावून ठेवल्यात हो हिला? कालपासून डोळ्याला डोळा नाही. नवी गादी आणली, जाड, मऊ. लाथा मारते तिला. काय पाजून झोपवत होतात ते तरी सांगा!"

त्यांच्या मागे ढब्बीचं रडणं ऐकू येत होतं. काडी रडायची थांबली. फोनकडे बघत ती उभी राहिली.

आजीला क्षणभर बरं वाटलं. रडू दे, म्हणावं असं वाटलं. जागा रात्रभर, अर्धी मागत होतात ना, ही घ्या अर्धी. शब्द जिभेवर आले होते.

"विहीणबाई," ती म्हणाली, "गादी आधी गरम करावी लागते."

"काय?"

"त्या एकमेकींच्या जागेवर झोपायच्या. एक उठली की दुसरी. तुम्ही आधी पडा तिच्या गादीवर. थोडा वेळ पडा, अंग टाकून. मग उठा आणि तिला ठेवा. गादीवरची चादर बदलू नका."

पलीकडे गादी ओढल्याचा आवाज आला. मग विहीणबाई म्हणाल्या, "माझे गुडघे वाकत नाहीत जमिनीवर."

"माझेही वाकत नाहीत."

फोन बंद झाला.

आजीने उशांचा बांध थोडा सरकवला आणि त्या लहानशा गादीवर ती कुशीवर पडली. पाय पोटाशी घ्यावे लागले, तरी टाचा जमिनीवर आल्या. काडी टांगलेल्या चादरीची कड मुठीत धरून तिच्याकडे बघत उभी होती. खाली यंत्र पुन्हा सुरू झालं, हळू.

गादी तापली असं वाटल्यावर आजी भिंतीला धरून उठली, काडीला उचललं आणि तिथे ठेवलं. काडी पालथी झाली. तिने नाक गादीत खुपसलं. वास ढब्बीचा नव्हता. तिने डोकं वर करून आजीकडे पाहिलं, थोडा वेळ पाहिलं, आणि मग चालवून घेतलं.