पाटलांची रम, माझं कार्ड

पुंडलिकराव पाटलांना शुक्रवारी नागपूरला मुलीच्या घरी नेणार होते. तिथून ते परत येणार नाहीत हे त्यांच्यासकट सगळ्यांना माहीत होतं. डॉक्टरांनी औषधं कमी केली होती आणि त्यांच्या मुलीला, उर्वशीला, सांगितलं होतं की आता बाबांना जे मागतील ते द्या.

मी गुरुवारी सकाळी सौंसरहून ऑटोने मोहगावला गेलो. तीन आठवडे रोजच जात होतो. पाटलांच्या संत्र्याच्या बागेत मी बावीस वर्षं सालदार होतो, आणि त्यानंतर कामाशिवायच येत-जात राहिलो. घरात करमत नाही म्हणून त्यांनी खाट बागेतल्या शेडमध्ये टाकायला लावली होती. आंबिया बहाराची तोड होऊन गेली होती. रिकाम्या पेट्या एकावर एक रचलेल्या होत्या आणि त्यांच्यामधून ऊन खाटेवर येत होतं.

"मनोहर, एक काम हाये," ते म्हणाले. "पहिले हो म्हन."

"काम तं सांगा, पाटील."

"पहिले हो म्हन ना लेका. मरनाऱ्या मान्साले सवाल करून राहिला."

मी हो म्हटलं.

"रमचा एक पव्वा आन."

मी उर्वशीकडे पाहिलं. ती दाराशी उभी होती. तिने मान हलवली. "काका, मी नाही म्हणत नाही. पण मी त्या दुकानावर नाही जाऊ शकत. आणि दुसऱ्या कोणाला सांगू म्हटलं तर ते ऐकतच नाहीत."

"दुसऱ्याच्या हातची नाही पाह्यजे," पाटील म्हणाले. "तीस वर्षं यानं मले म्हटलं, सोडा पाटील, सोडा. एक डाव यानंच आनून द्याव."

ते खरं होतं. दिवसभराचं काम झालं की याच शेडमध्ये आम्ही बसायचो. त्यांच्या हातात कोमट पाण्यातली रम आणि माझ्या हातात चहा. मी अठराव्या वर्षी विहारात पंचशील घेतलं तेव्हापासून दारूला हात लावला नव्हता. त्यांनी कधी आग्रह केला नाही आणि मी बोलायचं कधी थांबवलं नाही. ते एका बसण्याला एकच पेला घेत. त्या एका पेल्यात भाव, पाऊस, पोरांची लग्नं सगळं बोलून व्हायचं. सालदार आणि पाटील एका खाटेवर बसतात म्हणून त्या काळी गावात नावं ठेवली गेली, पण खाट तीच राहिली. मला अक्षरं आली ती याच बसण्यात. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी. कोळशाने ते पेटीवर लिहायचे, मी खालून गिरवायचो, आणि दुसऱ्या दिवशी ती पेटी माल भरून नागपूरला कळमन्याच्या बाजारात निघून जायची.

आता नाही कसं म्हणू? पण हो म्हणणंही सोपं नव्हतं.

मागच्या वर्षी आमच्या वस्तीतला विशाल दारू पिऊन मोटारसायकलवरून पडला. अकरावीतला पोरगा. उजवा पाय गुडघ्यापासून काढावा लागला. विशाल म्हणजे माझ्या सुनेच्या, अर्चनाच्या, सख्ख्या भावाचा मुलगा. त्याला बाटली कोणी दिली, तर दुकानदाराने नाही. एका म्हाताऱ्याने आपल्या नावावर घेऊन दिली होती. पोरं बाहेर उभी राहायची आणि पांढऱ्या केसांचा माणूस आत पाठवायची. पांढऱ्या केसांना कोण काय विचारणार?

म्हणून विहाराच्या कमिटीने अर्ज केला. मी अध्यक्ष, मीच लिहिला. कोणीही येवो, केस काळे असोत की पांढरे, आधार कार्ड पाहिल्याशिवाय बाटली देऊ नये. दुसऱ्याच्या कार्डावर देऊ नये. नाव आणि जन्माचं साल मोठ्याने बोलून वहीत लिहावं. ठेकेदाराने मान्य केलं. समोरच्या चहाच्या टपरीवर आमच्या बाया पाळीने बसू लागल्या. नाव पुकारलं की त्यांना ऐकू जायचं. एकच माणूस पुन्हा पुन्हा पुकारला गेला की त्या जाऊन विचारायच्या, "बाबा, एवढी कोणासाठी?" बसायचे वार मंगळवार आणि शनिवार, कारण जामसांवलीच्या हनुमानाला जातो म्हणून घरून निघालेली पोरं त्याच दोन दिवशी दुकानाशी थांबायची.

त्या दुकानात आता अध्यक्षाने जायचं होतं.

माझ्या तोंडावरूनच पाटलांना ते कळलं. ते उशीखालून पाकीट काढू लागले.

"माहं कार्ड घेऊन जाय. तुहं नाव कायले पाह्यजे?"

"फोटो हाये त्यावर, पाटील."

"बुढ्याचं तोंड कोन पाह्यते बे? दात गेले, केस गेले, का सारे एकच."

उर्वशी हसली. मलाही ते पटलं. आज गुरुवार, टपरीवर कोणी नसणार, हेही मी मनात धरलं. आपणच लिहिलेल्या अर्जाच्या उलट आपण चाललो आहोत हे त्या वेळी माझ्या लक्षात आलं नाही असं म्हणणार नाही. आलं होतं. मी ते बाजूला सारलं.

दुकानात जाळी आहे. जाळीमागे कुलदीप नावाचा तरणा माणूस बसतो. माझ्यापुढे तिघे होते. मी दुपट्टा तोंडाला गुंडाळला होता. थंडी होती, म्हणून कोणाला काही वाटलं नसावं.

"बोला बाबाजी."

"रमचा एक पव्वा."

"कार्ड?"

मी पाटलांचं कार्ड जाळीखालून सरकवलं. त्याने कार्ड पाहिलं, मग मला पाहिलं.

"दुपट्टा काढा थोडा."

मी हनुवटीपर्यंत खाली केला.

"हा फोटो तुमचा नाही, बाबाजी."

"माहाच हाये. म्हातारपनी मानूस बदलते."

"याले एवढ्या मिशा हायेत."

"काहाडल्या."

"अन् गालावरचा हा मस?"

"तोही काहाडला."

मागे लाइनीत हशा पिकला. एकजण ओरडला, "दे ना बाप्पा! बुढा एकवीसचा झाला नसन अजून!" दुसरा म्हणाला, "मायबापाले बोलाव त्याच्या, सही घे!"

कुलदीप हसला नाही. त्याने बोट वर केलं. जाळीच्या आत, भिंतीवर, काचेच्या चौकटीत माझा अर्ज लावलेला होता. तो तिथे लावला आहे हे मला ठाऊक नव्हतं, कारण मी कधी दुकानात गेलोच नव्हतो. मोठी मोठी, एकमेकांपासून दूर ठेवलेली माझी अक्षरं. दुसऱ्याच्या कार्डावर देऊ नये, या ओळीखाली ठेकेदाराने लाल रेघ मारली होती.

"मी काय करू?" तो म्हणाला. "विहारातल्या बाबानं लिहून देलं हाये. त्याहीच्या वस्तीतल्या पोराचा पाय गेला. मी देली तं उद्या त्या बाया मले उभा नाही राहू देनार."

त्याला मी कोण ते माहीत नव्हतं. मला परत फिरता आलं असतं. पाटलांना सांगितलं असतं की नाही मिळाली, आणि त्यांनी ते मानलंही असतं. एवढ्या वर्षांत त्यांनी माझा शब्द कधी तपासला नव्हता.

मी दुपट्टा पूर्ण काढला. बंडीच्या आतल्या खिशातून माझं कार्ड काढलं आणि जाळीखाली ठेवलं.

"ते परत दे. हे घे."

कुलदीपने वाचलं. मग वळून अर्जाखालची सही वाचली. मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि पुढे वाकून हळूच म्हणाला, "बाबा, बोलू का? का मनातच लिहून घेऊ?"

चांगला माणूस होता तो. मी त्याला म्हटलं, "बोल. तसंच ठरलं हाये."

त्याने घसा साफ केला. "मनोहर सोमकुवर! साल एकोनीसशे पन्नास! रम, एक पव्वा!"

लाइनीतलं हसणं थांबलं. त्यातल्या दोघांना तरी माझं नाव माहीत होतं. आणि समोर टपरीवर कोणीतरी स्टूल मागे सारून उभं राहिल्याचा आवाज आला.

अर्चना होती.

मी बाटली घेऊन रस्ता ओलांडला. पळून कुठे जाणार? ती पदर खोचून उभी होती.

"आज तं गुरुवार हाये," मीच आधी बोललो. काय बोलावं ते सुचलं नाही.

"पोरांनी वार पाठ केले, मामाजी. म्हणून बदलले. मागच्या बैठकीत ठरलं. तुम्ही मोहगावले होते." तिने बाटलीकडे बोट केलं. "कोणासाठी?"

इतरांना विचारतात तसंच तिने विचारलं. मी इतर कोणी असतो तसंच उत्तर दिलं. पाटलांसाठी. उद्या नेणार आहेत. त्यांनी मागितली आणि मी हो म्हटलं.

"मग पहिले दुसरं कार्ड काहून काढलं? मला इथून दिसलं."

"तुह्या भेवानं."

"माझ्या?"

"विशालचा पाय गेला अन् मी तुह्यासमोर बाटली घेऊन येऊ? तुले काय वाटलं असतं?"

एक ट्रक कापूस भरून गेला. तिचे डोळे भरले होते, पण आवाज कोरडा होता.

"वाटलं. आताही वाटून राहिलं," ती म्हणाली. "आणा ते इकडं."

मला वाटलं ती फोडणार. तिने बाटली आपल्या पिशवीत, भाजीच्या खाली ठेवली आणि मोहगावच्या ऑटोला हात केला.

"तू कुठं?"

"खरंच पाटलांच्या तोंडात जाते का नाही, ते पाहायला नको का? तपासणी म्हणजे तपासणी. उरलेली मी माझ्या हातानं सांडीन, सांगून ठेवते."

ऑटोमध्ये ती पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली. वाटेत तिने विचारलं, "त्यांना गिळता येते का?" मी म्हटलं, "थोडं थोडं."

शेडमध्ये पोचलो तेव्हा पाटील उशीला टेकून बसले होते. अर्चनाला पाहून त्यांनी धोतर सावरलं.

"सूनबाई? तुले कायले आनलं यानं?"

"तपासणीले आली, पाटील."

"घ्या! आता दारूसोबत पोलीसही आनते हा." ते हसले आणि त्यांना खोकला आला. खोकला थांबल्यावर मला म्हणाले, "पाह्यलं? चालला ना माहा फोटो?"

मी त्यांचं कार्ड त्यांच्या उशीखाली ठेवून दिलं. मी काही बोलायच्या आत अर्चनाच म्हणाली, "नाही चालला. त्यांनी स्वतःच्या नावावर घेतली. पुकारून. सगळ्यांसमोर."

पाटलांचं हसू गेलं. त्यांना अर्जाचं माहीत होतं. लिहिल्यावर मी तो पहिल्यांदा त्यांनाच वाचून दाखवला होता.

"मले म्हनायचं ना, जमत नाही म्हनून," ते म्हणाले.

"हो म्हटलं होतं ना पहिले."

"आता विहारात काय सांगशीन?"

"हेच. जे झालं ते."

"काढून टाकतीन बे तुले."

"टाकतीन तं टाकतीन. दुसरा शिकलेला अध्यक्ष भेटन." हे म्हणताना मला वाईट वाटलं. पण त्यांच्यासमोर बसलो असताना ते सहन होण्यासारखं होतं.

उर्वशीने कोमट पाणी आणलं, पेला आणला, माझ्यासाठी चहा आणला. अर्चनाने बाटली काढली. झाकण तिला उघडता येईना. तिने आयुष्यात ते कधी उघडलं नव्हतं. मलाही जमेना. शेवटी पाटलांनीच हात पुढे केला आणि दोन बोटांनी फिरवलं. हाताला ते अजून आठवत होतं.

अर्चनाने औषध ओततात तशी, पेला डोळ्यांसमोर धरून, तळाला थोडीशी ओतली. वर पाणी घातलं. पेला तिनेच त्यांच्या ओठांशी धरला, दुसरा हात त्यांच्या मानेखाली दिला.

त्यांनी एक घोट घेतला. डोळे मिटले. गिळायला वेळ लागला.

"भाव काय म्हनते यंदा?" त्यांनी मला विचारलं, डोळे न उघडता.

मी भाव सांगितला. कोणत्या बागेची फळं गळली ते सांगितलं. प्रज्ञाचं, माझ्या नातीचं, कॉलेजचं सांगितलं. ते मधे मधे हूं म्हणत होते. मी चहा पीत होतो. अर्चना पेला धरून बसली होती. त्यांनी ओठ हलवले की ती पुढे करायची. पेला संपायला पाऊण तास तरी लागला असेल. तेवढ्या वेळात तिने हात बदलला नाही.

पेला रिकामा झाला. बाटली अर्ध्याहून जास्त भरलेली होती. अर्चनाने ती उचलली. मला वाटलं आता बाहेर जाऊन संत्र्याच्या बुंध्याशी सांडेल, जसं ती म्हणाली होती. तिने बाटलीकडे पाहिलं, पाटलांकडे पाहिलं.

"आणखी देऊ का, काका?"

इतका वेळ ती त्यांना पाटील म्हणत होती.

त्यांनी डोळे उघडले. "तू इचारून राहिली, सूनबाई? तेवढ्यानंच चढली मले." मग थोडं थांबून त्यांनी पेल्याकडे हनुवटी केली. "दे. पन पानी जास्त."

ती पाणी घालू लागली.