पायाकडून

"मले उठवाचं असलं त पायाकडून उठवजो. आधी दुरून आपलं नाव सांगजो, मंग अंगठा धरजो."

काश्मीरच्या लढाईवरून परतल्यावर यांनी मला एवढंच सांगितलं होतं. दोन वर्षं मी तसंच केलं. एकदा शालीकरामनं, माझ्या दिरानं, झोपेत यांचा खांदा हलवला, तर यांनी त्याचा गळाच धरला. जाग आल्यावर त्याच्या पायाशी बसून रडले. दीर मात्र विसरला नाही.

कार्तिक लागला आणि जिल्ह्याच्या कचेरीतून कारकून आले. फौजेतून परतलेल्यांची यादी करत गावोगाव फिरत होते. हे धान कापायला गेलेले. कारकुनांनी ओसरीवर वही उघडली.

"चार रकाने आहेत. अपंग, आजारी, वेडा, धडधाकट. आजारी असला तर डॉक्टर घरी येऊन बघतील, घरच्यांनाही समजावतील. वेडा असला तर नागपूरला नेतील. तुमचा माणूस कशात बसतो, बाई?"

मी तुळशीभोवती फिरत होते. एकशे आठ फेऱ्या, फेरीगणिक लाखोळीचा एक दाणा वाटीत. कार्तिकभर फेऱ्या सरेपर्यंत मी बोलत नाही. मुठीत बारा दाणे उरले होते. मी हातानं थांबा म्हटलं.

"वैनी बोलनार नाही, तिचा नेम आहे," दीर म्हणाला. "मी सांगतो. बंदूक चालवनारा गडी, आता चुलीवरचा गंज पडून वाजला त धानाच्या कोठीमागं लपते. माह्या नरड्यावर बसला होता. येडा नाही त काय होय?"

मी भरभर पाय उचलले. देव बारा फेऱ्या थांबला असता, हे तेव्हा सुचलं नाही.

शेवटचा दाणा टाकला तोवर शाई वाळली होती.

"साहेब, आजारी लिवा. झोपेतच होते तसं."

"आता खाडाखोड चालत नाही, बाई."

आठ दिवसांनी न्यायला माणसं आली. यांनी विळा धुऊन वळचणीला खोचला. मला एवढंच विचारलं, "तिथी उठवन कोन?"

"मी सांगीन त्याईले," मी म्हटलं.

काल नागपूरच्या इस्पितळातून कार्ड आलं. दिरानं वाचलं. रोगी पहाटे उठवणाऱ्यांच्या अंगावर जातो, बांधून ठेवावं लागतं, भेटीला येऊ नये.

नेम पुरा झाला की जाऊन सांगणार होते, त्याला अजून चार दिवस होते. आज पहाटे तुळशीला पाणी घातलं, दाण्यांची वाटी पालथी ठेवली आणि पदर खोचला.

"कायले जाऊन राहिली वैनी? भेटू देनार नाही थे," दीर खाटेवरूनच म्हणाला.

"भेटाले नाही जात. सांगाले जातो."

त्यानं तोंड भिंतीकडे केलं.

गोंदियाचं स्टेशन चार कोस, पुढं नागपूर. मी पोचेन तोवर आजचं यांना उठवून झालेलं असेल. आमच्या कामठ्याची शीव ओलांडताना मी हळूच म्हणून पाहिलं, "अवो, रुख्मा आहो मी." आणि पुन्हा चालू लागले.