टायराशेजारची घरं

संयोगिताने जुना टायर ढकलत गोठ्यामागे नेला, फुटका माठ उचलला आणि अंगणातला धोंडाही गडगडवला. थोड्या वेळात कागलहून यशराजच्या घरचे तिला बघायला येणार होते. त्या दोघांचं कॉलेजातच ठरलं होतं. पण त्याच्या आईने अजून ना मुलगी पाहिली होती, ना घर.

“आता कसं लख्ख दिसतंय!” ती म्हणाली.

“दिसतंय खरं. पर ह्या बया का घुटमळाय लागल्यात?” तिच्या आईने, ललिताने, हातातला खराटा थांबवला.

जमिनीलगत मधमाश्यांच्या जातीच्या बारक्या माश्या गिरक्या घेत होत्या, पाय परागाने पांढरे झालेले. यांचं मोहोळ नसतं. एकेकटीने मातीत बीळ कोरायचं, एकटीनेच ते भरायचं. परसातल्या रताळ्याच्या वेलावरची फिकी जांभळी फुलं तेवढी त्यांना चालत. शेजारच्या झेंडूकडे त्या ढुंकूनही बघत नसत. काल सरळ बिळात शिरत होत्या. आज एक उतरे, मातीवर चाले, पुन्हा उडे. बीळ वीतभरावरच होतं, उघडं.

संयोगिताने मोकळ्या अंगणाकडे पाहिलं, मग गोठ्याकडे.

“आई, टायर बघून घर वळखत असतील का गं?”

“मला काय ठावं? पर मग तू पत्ताच उचलून न्हेलास की.”

“पावणं येतील आता.”

“येतील की. दुपारी फुलंबी मिटतील.”

संयोगिताने नव्या साडीच्या निऱ्या कमरेला खोचल्या. टायर आला, माठ आला, धोंडा आला. मातीवर टायराचं वर्तुळ उमटलेलं होतं. तिने त्यावरच तो नेमका बसवला. मायलेकी बघत राहिल्या. एक माशी टायरावरून फिरली, माठाला वळसा घालून सुर्रकन आत गेली. मग दुसरी.

“शिरली बया!” ललिताने टाळी वाजवली, आणि दारात गाडी थांबली.

यशराजच्या आईने अंगणभर नजर फिरवली. नजर टायरावर थांबली. खुर्च्यांना जागा करायला म्हणून यशराज टायर उचलायला वाकला.

“लावू नगंस हात!” संयोगिता ओरडली.

सगळ्यांसमोर, एकेरीत. ललिताने डोळेच मिटून घेतले.

“का गं?” यशराजच्या आईने विचारलं. आवाजावरून काही कळेना.

“घरं हायती तिथं... माश्यांची. टायर हलला की त्यास्नी घर गावत न्हाई.” संयोगिताचे हात अजून मातीने भरलेले होते. तिने ते पाठीमागे लपवले.

एक माशी आली, परागाने पांढरी, आणि मातीत नाहीशी झाली. यशराजच्या आईने रेशमी पदर खोचला आणि तिथेच उकिडवी बसली.

“आई, अगं खुर्ची...” यशराज म्हणाला.

“उजेडातनं सरक रं,” ती मान वर न करता म्हणाली. “आन् तू ये गं हिकडं. दुसरीचं घर कुठलं, दाव मला.”