थोरलीच्या घरचं सूप

धाकटीने वेलावरचा पहिला दुधी कापला, नेहमीप्रमाणे टोकाची चकती काढून जिभेवर ठेवली आणि तशीच सिंककडे धावली. कडू म्हणजे किती कडू! थुंकून झालं, चूळ भरून झाली, तरी घशातला कडवटपणा हलेना. असला दुधी पोटात गेला तर माणूस रक्त ओकतो, हे शेतावरच्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. म्हणून तर चकती चाखायची. कडू लागली की फळ फेकायचं, वेल उपटायचा, विषय संपला.

पण विषय इथे संपणार नव्हता. याच बियांची चार रोपं तिने थोरल्या जावेला दिली होती, आणि थोरलीला चव कळत नव्हती.

हिवाळ्यातल्या तापानंतर थोरलीची जीभ जी गेली ती गेलीच. तिने हे कुणाला सांगितलं नाही आणि सांगणार तरी कशी? आसपासच्या सगळ्या शेतांवर तिच्या हाताच्या चवीचं नाव. दर बुधवारी बाया रोपं, बिया, मुरंब्याच्या बरण्या घेऊन एकीच्या घरी जमत, तेव्हा मीठ कमी की जास्त याचा निकाल थोरलीच देणार. धाकटीला मात्र पहिल्याच खारट डाळीत सगळा उलगडा झाला होता. ती मुकाट्याने जेवली आणि वर ताटाची तारीफ करून आली.

आज बुधवार, पाळी थोरलीची. ‘तुझ्या दुधीचं सूप करतेय,’ असं तिने कालच सांगितलं होतं.

धाकटीने फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. पाहुण्या आल्या की थोरली फोन आतल्या खोलीत टाकून देते.

खरं सांगायचं तर धाकटी लगेच निघाली नाही. खुर्चीवर बसून राहिली. एखादंच फळ कडू निघालं असेल, तिकडचे गोडही असतील, अशी स्वतःची समजूत घालत राहिली. कारण जायचं म्हणजे कबूल करायचं. गेल्या वर्षी तिने कुंपणावर शोभेच्या भोपळ्यांचा वेल चढवला होता. सुंदर सुरईसारखी फळं, वाळवून रंगवायची, कपाटावर मांडायची. थोरली बघताक्षणी म्हणाली होती, “उपट तो. कडू जात आहे ती. याच्या फुलावरचे पराग दुधीच्या फुलावर जातील आणि तुझं दुधीचं बी नासेल.”

“कुंपण माझं, वेल माझा,” धाकटी फणकारली होती. त्यावरून चार महिने अबोला. रोपं दिली होती ती समेटाची म्हणून. आता कुठल्या तोंडाने जायचं?

मग तिला एकदम आठवलं, की जीभ गेल्यापासून थोरली चारचौघींत जरा जास्तच चाखते. डाव भरभरून घेते, मान डोलावते, कुणाला संशय नको म्हणून. धाकटी अनवाणीच टोमॅटोच्या सऱ्यांमधून धावत सुटली.

थोरलीच्या स्वयंपाकघरात सगळ्या कशा शहाण्यासारख्या बसल्या होत्या. कोंबडीवाली, मधवाली आणि व्हॅनमधून दूध पोचवणारी दूधवाली. समोर वाफाळते वाडगे. मधवालीचा चमचा ओठाशी अडला होता आणि कोंबडीवालीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण ब्र काढायची एकीची छाती नव्हती. थोरलीच्या स्वयंपाकाला नाव ठेवणार कोण? कोंबडीवालीने डोळे मिटले आणि घोट गिळला.

“थुंका!” धाकटी दारातूनच ओरडली. “कुणी गिळू नका! सूप कडू आहे!”

थोरली डाव घेऊन वळली. “आलीस? चार माणसांत माझी शोभा करायला आलीस का?”

“जाऊबाई, माझं बी नासलंय. तुम्ही म्हणाला होतात तस्संच झालं. चूक माझी आहे.”

“काहीतरीच बोलू नकोस. मी स्वतः चाखलंय. फक्कड झालंय.”

दूधवाली आपल्या वाडग्यात बघत राहिली. शेवटी कोंबडीवाली चाचरत म्हणाली, “वहिनी, कडूच आहे हो. तोंडात धरवत नाही.”

थोरलीने एकेकीकडे पाहिलं. तिच्या हातातला डाव हळूहळू खाली आला.

“किती प्यायलात, जाऊबाई?” धाकटीने विचारलं.

“दोन वाडगे,” थोरली म्हणाली, “या यायच्या आधी एक, आणि आत्ता यांच्याबरोबर.” आणि बोलता बोलताच तिने पोट दाबलं.

दूधवालीने व्हॅन काढली. मधवालीने फक्त ओठ ओले केले होते, कोंबडीवालीचा एक घोट, दूधवालीने जेमतेम जीभ लावली होती. पण थोरली वाटेतच ओकायला लागली आणि दुसऱ्या उलटीला सोबत घेतलेल्या पातेल्यात लाल रंग दिसला. धाकटीने एका हाताने पातेलं धरलं होतं, दुसऱ्या हाताने तिचं कपाळ. ही गेली तर मी मारली, एवढं एकच धाकटीच्या डोक्यात फिरत होतं.

दवाखान्यात सलाईन लागलं. रक्तदाब खाली गेला होता, डॉक्टरबाई तासभर खाटेजवळून हलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “वेळेत आणलंत. दोन दिवस इथेच राहू दे. पण मला एक कळत नाही, इतकं कडू प्यायलात कशा?”

“माझ्या बियांमुळे डॉक्टर, मीच...” धाकटी घाईघाईने पुढे झाली.

“तू थांब,” थोरली म्हणाली. आवाज खोल गेला होता. दाराशी तिघी उभ्या होत्या, त्यांच्याकडे बघतच ती म्हणाली, “मला चव कळत नाही, डॉक्टर. हिवाळ्यापासून.”

डॉक्टरबाईंनी ते लिहून घेतलं आणि त्या दुसऱ्या खाटेकडे गेल्या. तिघी बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. थोरली छताकडे बघत म्हणाली, “तुला ठाऊक होतं ना?”

धाकटीने मान डोलावली. “पहिल्या दिवसापासून. डाळ खारट होती.”

“आणि तू दोनदा वाढून घेतलीस.”

“तुम्हाला वाईट वाटलं असतं, जाऊबाई.”

थोरलीने डोळे मिटले. “त्या परक्या आहेत गं, त्या गप्प बसणारच,” ती म्हणाली. “तू तरी बोलायचं होतंस.”