सात नंबरची रेघ

मी सात नंबर बोलतोय. विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. आजवर फारसा कुणी ठेवलेला नाही.

आयर्लंडच्या मधोमध, ड्रमावेरीच्या दलदलीत मी उभा आहे. जमिनीत खुपसलेली एक नळी, तिच्यात पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर, वर एक डबा आणि डब्यावर उंदराच्या शेपटीएवढी अँटेना. असे आम्ही बारा जण. सोरखा डीसी नावाच्या संशोधक बाईने आम्हाला इथे रोवलं. जुने चर बुजवून दलदल पुन्हा ओली करायचं काम चाललं होतं. पाणी कुठवर चढतंय, हे आम्ही बिनतारी कळवायचं.

माझी जागा मोक्याची, मॅलकी गेराटीच्या कुरणाच्या कडेला. "हे पाणी माझ्या गाईंच्या पायाखाली येणार," असं मॅलकी पहिल्या दिवसापासून म्हणत होता. शेवटी सोरखाने चर्चमागच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर शब्द दिला, की कुरणातलं पाणी चढत चढत जमिनीपासून वीतभर अंतरावर येऊन पोचलं, तर त्या बाजूचा चर ती स्वतः उघडून देईल. म्हणजे तिचा शब्द माझ्या जिभेवर होता. आणि माझी जीभ म्हणजे काही विचारू नका.

आल्या आल्याच मॅलकीच्या एका कालवडीला मान खाजवायला छान खांब सापडला. तो मी. मी वाकलो, आतलं काहीतरी हललं आणि मी कळवलं, पाणी जमिनीच्या वर आठ फूट. माझ्या हिशेबाने मॅलकीचं घर पार बुडालं होतं. तो आत बसून ब्रेडला लोणी लावत होता.

त्यात आवाज लहान. माझे आकडे सहा नंबर ऐकतो आणि पुढे ढकलतो. थंडी पडली की त्याची बॅटरी मान टाकते. मग मी दिवसच्या दिवस एकटाच बडबडत बसतो, वेड्यासारखा.

सोरखाने येऊन मला सरळ केलं, दुरुस्तही केलं. पण एकदा नाव खराब झालं ते झालं. तिने संगणकाला सांगून ठेवलं, सात नंबर शेजाऱ्यांपेक्षा वेगळं बोलला की त्याचा आकडा बाजूला टाकायचा आणि शेजाऱ्यांची सरासरी भरायची. ती आली की लॅपटॉप माझ्या डोक्यावर ठेवायची, त्यामुळे आलेख मलाही दिसायचा. माझी रेघ फार देखणी निघाली होती. तिच्यात माझं असं काहीच नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला ती आवडायची.

नोव्हेंबरात माझ्या सखल कोपऱ्यात पाणी खरंच चढलं. मी कळवत राहिलो आणि रेघ देखणीच राहिली.

मॅलकीने माझ्याशेजारी उभं राहून सोरखाला फोन लावला. त्याला कमी ऐकू येतं, म्हणून तो फोन स्पीकरवर ठेवतो.

"पोरी, गाई रुतताहेत इथे."

"मॅलकी, तुम्ही जुलैतही हेच म्हणाला होतात."

"जुलैचं सोड. आत्ता माझ्या बुटात पाणी आहे."

"पण आलेखात कुरण कोरडं दिसतंय."

"मग उद्या येताना बूट घालू नकोस. आलेखच घालून ये."

ती आली ती बूट घालूनच, आणि घोट्यापर्यंत रुतली. माझ्या नळीत मोजपट्टी सोडून पाणी मोजलं. मग बाजूला टाकलेले माझे आकडे उघडले. पट्टी आणि मी, दोघं एकच सांगत होतो. सगळ्यांत जास्त आश्चर्य मलाच वाटलं.

"हा कधीपासून सांगतोय," ती म्हणाली.

"मीही," मॅलकी म्हणाला.

"तुम्हा दोघांचं ऐकणंच मी सोडून दिलं होतं."

रविवारी हॉलमध्ये काय झालं, ते मॅलकीची बहीण अट्रॅक्टा कुंपणाशी शेजारणीला सांगत होती, तेव्हा मला कळलं. सोरखा उभी राहून म्हणाली, "सात नंबरची रेघ मोजलेली नाही. मी भरलेली आहे." मागून कुणीतरी विचारलं, "मग उरलेल्या अकरांवर आम्ही का विश्वास ठेवायचा?" सगळं कामच बंद पडायची वेळ आली. आता मॅलकी तिची पिसं काढणार, म्हणून लोक त्याच्याकडे बघू लागले.

मॅलकी उठला. "माझी जुलैतली तक्रारही भरलेलीच होती. कुरण तेव्हा खडखडीत होतं," तो म्हणाला. "माझ्या बाजूचा चर उघडा. बाकीची दलदल राहू दे ओली." आणि खाली बसला.

चर उघडला. सोरखा स्वतः फावडं घेऊन आली होती, दिलेल्या शब्दाप्रमाणे. कुरण घट्ट व्हायला मात्र एप्रिल उजाडला.

मी अजून इथेच आहे. अंगावर शेवाळ चढलंय, बॅटरी संपत आलीय. आता मी गप्प असलो की आलेखात पांढरी जागा सुटते. फाटक्या बनियनसारखी दिसते म्हणे माझी रेघ. दिसू दे. एक दिवस मी कायमचा गप्प होईन, तेव्हा माझ्या वतीने कुणी काही भरू नका, एवढीच विनंती आहे. जागा रिकामी दिसली, तर काय झालंय ते बघायला कुणीतरी इथवर येईल.